मान वर ठेवून पोहणारा माणूस

आमच्या ह्यांना पोहता येत नाही, असं सरकारी कागदावर लिहून आलं. खाली शिक्का, शेजारी सही. सव्वीस वर्षं जो माणूस आठवड्यातले पाच दिवस नदीत असतो, ज्याच्या पायाच्या बोटांमधली कातडी कधी पुरती वाळलीच नाही, त्याला म्हणे पोहता येत नाही! मी तो कागद दोनदा वाचला आणि शिलाई मशीनवर आपटला. मशीन बिचारं काय करणार, त्याची सुई तेवढी वाकली.

नीट सांगते. हे जंगलातले गाइड आहेत. लांबलांबून पाहुणे येतात, पाय दणकट आणि धीर कमी असलेले. मनगटावरचं घड्याळ दर पावलाला बघणारे. सकाळी सहाला त्यांना कंपनीच्या शेडपाशी जमवायचं, मग तीन तास घनदाट जंगलातून चालवायचं. तिथे ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही आणि कोरड्या दिवशीही झाडांवरून पाणी ठिबकत असतं. मुळांवरून घसरणाऱ्यांना हात द्यायचा, जळवा लागल्या की किंचाळणाऱ्यांची समजूत घालायची. पुढे घळ लागते. दोन्ही बाजूंना कातळाच्या भिंती, वाट संपलेली. तिथे सगळ्यांना लाइफ जॅकेट चढवून नदीत उतरवायचं आणि एका डोहातून दुसऱ्या डोहात असं पोहत दीड किलोमीटर खाली न्यायचं. कंपनीच्या रंगीत पुस्तिकेत ह्याला साहस म्हटलंय. आमच्या घरी ह्याला ड्यूटी म्हणतात.

फाटलेली जॅकेटं माझ्याकडे येतात. पुढच्या खोलीत खिडकीशी माझं मशीन आहे, मागे दोरीवर ओळीने जॅकेटं टांगलेली असतात, आणि सगळ्या खोलीला नदीच्या गाळाचा वास असतो. कुठला पट्टा उसवलाय ते बघून मला कळतं, ह्यांना आज कोणी आणि कसं धरलं होतं. खांद्याचा पट्टा गेला म्हणजे पाहुणा घाबरलेला होता. मागचा गेला म्हणजे तो आगाऊ होता, आणि ह्यांनीच त्याला मागे खेचला होता.

आता ह्यांचं पोहणं. मान ताठ वर, हनुवटी पाण्याच्या वर चार बोटं, आणि तीनचार हात मारले की डोकं गर्रकन मागे. सोबतचे गाइड ह्यांना 'बदक' म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, दिसतातही तसेच. मागे वळले की ओठ हलतात. नऊ, दहा, अकरा. अकरा पाहुणे, अकरा डोकी, पुढे चला. ही मोजायची सवय पाण्याबाहेरही सुटत नाही. जेवायला आम्ही तिघंच असतो, हे, मी आणि लेक, तरी भात वाढायच्या आधी ह्यांची नजर एकदा फिरते. मी म्हणते, "तीनच आहोत हो, कोणी वाहून गेलेलं नाही."

तर वरच्या सरकारी ऑफिसातून नवा नियम निघाला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना दुसरं काम काय! नदीत उतरणाऱ्या प्रत्येक गाइडने शहरातल्या तलावावर परीक्षा द्यायची. दोनशे मीटर, म्हणजे तलावाच्या आठ फेऱ्या, सहा मिनिटांत. चेहरा पाण्यात, श्वास बाजूने. वर्षातून तीन संधी. महिनाअखेरपर्यंत कागद आणला नाही तर नदी बंद, शेडमध्ये बसून पाहुण्यांना हेल्मेटं वाटायची. पगार तोच राहणार होता. मालक गोड बोलून मोकळे झाले, "तुमचंही वय झालंच की आता, बसा सावलीत." त्या रात्री हे जेवले नाहीत. रविवारीसुद्धा ह्यांना दुपारपर्यंत घरात बसवत नाही, दाराबाहेर येरझाऱ्या घालतात. शेडमध्ये बसवलं असतं तर हा माणूस महिन्याभरात खचला असता, हे मला माझ्या हातावरच्या रेषेसारखं स्वच्छ दिसत होतं.

पहिल्यांदा हे एकटेच गेले आणि तिसऱ्या फेरीला शिट्टी वाजली. मघाशी म्हटलं तो कागद तेव्हाचा. 'चेहरा सतत पाण्याबाहेर. पोहण्याची पद्धत अमान्य.'

"काय झालं?" मी विचारलं.

"पाणी फार स्वच्छ होतं," हे म्हणाले.

ह्यावर माणसाने काय बोलावं?

मग मी कंबर कसली. लेकीने मोबाइलवर पोहण्याचे व्हिडिओ दाखवले. मी अंगणात बादली भरून ठेवली. म्हटलं, घाला तोंड, मी वीसपर्यंत मोजते. हे वाकायचे, तोंड पाण्यात जायचं, आणि सात म्हणेपर्यंत शेजारच्यांचं फाटक वाजलं की डोकं वर! बघतात कोण आलं ते. पुन्हा घाला. नवाला कुत्रं भुंकलं. डोकं वर. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, इथे तर भरलेल्या बादलीत डोकं टिकत नव्हतं. आठवडाभर हा तमाशा चालला. माझा आवाज चढायचा, शेजारीण कठड्यावरून बघायची, आणि हे मुकाट्याने टॉवेल घेऊन उभे.

"एवढं काय अवघड आहे हो? लहान पोरं करतात!"

"पोरांच्या मागे कोणी नसतं," हे म्हणाले.

मला माहीत नव्हतं असं नाही. नोकरीचं दुसरंच वर्ष होतं. एका पाहुण्याचा चष्मा डोहात पडला. तेव्हा हे मस्त सूर मारायचे, माशासारखे तळाशी जायचे. गेले, चष्मा शोधला, हसत वर आले आणि मोजलं तर दहा डोकी. अकरावा नाही. बाकीच्यांना कातळावर बसवून ह्यांनी ती घळ खालीवर पालथी घातली. अर्ध्या तासाने तो सापडला. पुढच्या वळणापलीकडे खडकावर पाय पसरून ऊन खात बसला होता आणि वर ह्यांनाच विचारत होता, इतका वेळ का लावलात म्हणून. कोणाला काही झालं नाही, कुठे नोंदही झाली नाही. पण घरी आल्यावर हे मला म्हणाले, "अर्धा तास मी त्याच्या आईला काय सांगायचं, ते मनात जुळवत होतो." त्या दिवसापासून ह्यांनी चेहरा पाण्यात घातला नाही. आंघोळीला तोंडावर तांब्या ओततात, तोसुद्धा डोळे उघडे ठेवून.

हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरी माझा संताप व्हायचा. असेल खरं, पण सहा मिनिटांपुरतं विसरता येत नाही? आपल्या हट्टापायी हातातली नदी घालवणार हा माणूस, असं मला वाटायचं आणि मी तसं तोंडावर बोलायचेही.

महिना संपायला दोन दिवस राहिले तेव्हा दुसऱ्या खेपेला मी सोबत निघाले. तलाव म्हणजे एक मोठी बंदिस्त इमारत. आत निळ्या फरशा, पाण्यात दोऱ्या बांधून पाडलेल्या पट्ट्या, औषधाचा डोळे झोंबवणारा वास आणि भिंतीवर भलंमोठं घड्याळ. परीक्षक म्हणजे लेकीच्या वयाची एक मुलगी, गळ्यात शिट्टी, हातात फॉर्म. वागायला चांगली. ह्यांना काका म्हणाली.

आता पुढची हुशारी माझी. मला वाटलं, आपण शेजारच्या पट्टीत उथळ टोकाला उभं राहावं आणि फेरी पुरी झाली की काठावर थाप मारून सांगावं, म्हणजे ह्यांना डोकं वर काढावं लागणार नाही. मुलीची परवानगी काढली आणि उतरले. मला पोहता येतं ते दगडापेक्षा बरं, इतकंच. पण पाणी छातीपर्यंत होतं आणि हाताशी काठ होता.

शिट्टी झाली. आणि काय सांगू, ह्यांनी तोंड पाण्यात घातलं! हात मारला, बाजूने श्वास घेतला, पुन्हा तोंड आत. एक फेरी, दोन, तीन. मी थापा मारतेय. चार, पाच. घड्याळात भरपूर वेळ शिल्लक. माझे डोळे भरून आले आणि डोळे पुसायला मी काठ सोडला. फरशी बुळबुळीत होती. पाय सरकला, घोटभर पाणी नाकातोंडात गेलं आणि मला ठसका लागला. ठसका फक्त! दुसऱ्याच क्षणी मी उभीसुद्धा राहिले होते. पण हे तेव्हा श्वास घ्यायला बाजूला वळले होते. मान झाली वर, आणि मधली दोरी ओलांडून हे सरळ माझ्याकडे निघाले. लांबवर शिट्टी वाजली.

"अहो, उभी आहे मी! पाय टेकलेत माझे! परत फिरा!" मी ओरडले.

ह्यांनी येऊन माझा दंड धरला, अगदी आगाऊ पाहुण्याला धरतात तसं. "मला काय माहीत टेकलेत ते?"

परीक्षक मुलगी काठाशी येऊन बसली. म्हणाली, "काका, तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. पण माझ्या फॉर्मवर त्याला रकाना नाही." आणि तिने नापासचा रकाना भरला. तिसरी संधी त्याच दिवशी तीन वाजता घेता येत होती. नाहीतर पुढची तारीख थेट पुढच्या महिन्यात, म्हणजे नदी गेल्यावर.

बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. ह्यांच्या खांद्यावर टॉवेल, माझ्या केसांतून पाणी गळतंय. मी इतकी चिडले होते की कोणावर चिडले तेच कळेना. सहाव्या फेरीला मीच ह्यांना बुडवलं होतं. आणि ह्यांनीही माझ्याकडे बघायचं कशाला? पंचवीस माणसं पोहत होती तिथे, सगळी आपापली पोहत होती.

"तू पाण्यात होतीस," हे एवढंच म्हणाले.

"मग मी जाते. तलावावरच थांबत नाही. तुम्ही आत जा आणि खाली मान घालून आठ फेऱ्या मारा. माझं नाव डोक्यातून काढून टाका, लेकीचंही काढा. सहा मिनिटं तुमचं जगात कोणी नाही असं समजा. एवढं कराल माझ्यासाठी?"

हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "करतो."

रस्त्यापलीकडे एक सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या पायरीवर मी जाऊन बसले. तीन वाजले, सव्वातीन झाले. ओल्या केसांची माणसं दारातून बाहेर येत होती, त्यांत हे नव्हते. सायकलवाला चाकात हवा भरत होता. म्हणाला, "मुलाला पोहायला शिकायला घातलंय वाटतं?"

"नवऱ्याला," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा हवा भरायला लागला.

साडेतीनला हे आले. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, हातात कागद. रस्ता ओलांडून माझ्यासमोर उभे राहिले आणि कागद पुढे केला. पास! पाच मिनिटं चाळीस सेकंद. पद्धत योग्य. मी तिथेच पायरीवरून उठले आणि सायकलवाल्याला सांगितलं, "झाला पास!" तोही बिचारा हसला. माझ्या अंगावरचं महिन्याभराचं ओझं उतरलं होतं. मग ह्यांच्या तोंडाकडे बघितलं, तर आनंदाचा पत्ता नाही.

"आता काय झालं? कसं जमलं ते तरी सांगा."

"तू म्हणालीस तसं केलं. आत माझं कोणी नव्हतं. खाली सगळं निळं दिसत होतं. शेवटची फेरी संपवून डोकं वर काढलं, तर शेजारच्या पट्टीत एक म्हातारे गृहस्थ. मी निघालो तेव्हा नव्हते. कधी उतरले मला माहीत नाही. कधीपासून होते, दमले होते का, काही माहीत नाही."

"असेनात का! ते बरे होते ना?"

"होते की. पोहत होते आरामात." ह्यांनी माझ्या हातातला कागद परत घेतला, उलटसुलट करून बघितला आणि पुन्हा माझ्याच हातात दिला. "पण ते माझ्या शेजारी बुडाले असते ना, तरी मी पासच झालो असतो."

महिनाभर मीच ह्यांच्या मानगुटीवर बसले होते, खाली घाला, खाली घाला म्हणून.