पेरांवरची बेरीज

सौदीतल्या जुबैलच्या शाळेत पालकसभेला लेकीच्या वर्गावरच्या बदली शिक्षिका मला एकदाच भेटल्या. बोलणं रत्नागिरीकडचं. वर्गात बोटांवर मोजायला बंदी, म्हणून माझी दुसरीतली लेक हात बाकाखाली लपवून बेरीज करायची आणि चुकायची. त्या दिवशी माझ्यासमोरच बाईंनी तिचे हात बाकावर घेतले आणि स्वतःचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकवत तिच्याबरोबर मोजू लागल्या. तेवढ्यात सुपरवायझर मॅडम आल्या.

"बोटं नकोत, टीचर. सांगितलंय ना?"

बाईंचा अंगठा थांबला नाही. "मॅडम, नमाजनंतर अल्लाचं नाव मी ह्याच पेरांवर मोजते. त्यानं कधी हात लपव म्हटलं नाही."

मॅडम तिथेच उभ्या राहिल्या. त्यांच्यादेखत लेकीचा अंगठा पुढच्या पेरावर गेला.