सर्जा चाच्याची चार पानं

चार पानं जास्त होत होती. पुस्तक एकशे अठ्ठेचाळीस पानांचं झालं होतं आणि मला ते एकशे चव्वेचाळीसमध्ये हवं होतं.

याचं कारण सांगते. छपाईत पुस्तक पानापानानं छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापून त्याची घडी घालतात. त्या घडीला फॉर्म म्हणतात. नऊ फॉर्म म्हणजे एकशे चव्वेचाळीस पानं. वरची चार राहिली की त्यांचा वेगळा तुकडा छापायचा, आणि तो प्रत्येक प्रतीत हातानं चिकटवायचा.

"दोन दिवस तरी जातीन मॅडम," आमच्या प्रेसचे फोरमन इरफानभाई म्हणाले. "बाइंडिंगवाले दोघं सुट्टीवर आहेत."

आणि दोन दिवस आमच्याकडे नव्हते. लेखक देवाजी रामटेके दवाखान्यात होते, आणि डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला, सुजाताला, आता दिवस मोजायचे असं सांगून टाकलं होतं. पुस्तक हातात घेऊन बघायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

देवाजी हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. रिटायर झाल्यावर एक दिवस महाल भागातल्या आमच्या प्रकाशनाच्या ऑफिसात कापडी पिशवीतून वही घेऊन आले. "समुद्री चाच्याची गोष्ट आहे जी. पण तो चाचा होण्याच्या आधीची." समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता, कंपनीच्या सहलीत. तरी ती वही मी एका बैठकीत संपवली. कोकण किनाऱ्यावरचा सर्जा नावाचा मुलगा. पहिल्याच प्रकरणात त्याचा धाकटा भाऊ मोती बुडतो, आणि सर्जा घर सोडून दिसेल त्या पहिल्या जहाजावर चढतो. तीन भाग निघाले. मुलं पत्रं पाठवायची, चौथा कधी म्हणून विचारायची. चौथ्या भागात सर्जा पंधरा वर्षांचा होतो आणि स्वतःचं निशाण चढवून चाचा होतो. तिथे मालिका संपणार होती.

आता चार पानं कुठून काढायची? अक्षर बारीक करता येत नव्हतं, लहान मुलांचं पुस्तक. ओळी सरकवल्या तर सगळी चित्रं हलणार. मग शेवटून दुसरं प्रकरण माझ्या डोळ्यांत भरलं. बरोब्बर चार पानांचं. निशाण चढवायच्या आदल्या दिवशी सर्जा जुन्या किनाऱ्यावर जातो, मोती बुडाला तिथे बसतो आणि त्याच्याशी बोलतो. बस. एक तलवार उपसली जात नाही, एक दोर तुटत नाही. मी इतकी वर्षं मुलांची पुस्तकं करते आहे. अशा पानांवर मुलं जांभया देतात हे मला पाठ आहे. प्रकरण उचललं, तर मागचंपुढचं अगदी बेमालूम जुळत होतं. मला तर माझं कौतुकच वाटलं.

आमचे मालक दातेसाहेब म्हणाले, "त्यांना एक फोन करून विचारा."

"साहेब, तो माणूस कोणत्या अवस्थेत आहे! त्याला काय पानांचं विचारायचं?"

"तरी पण."

"काही तरी-पण नाही. मी बघते."

आणि मी बघितलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. एवढी घाई होती तर त्यांच्यापुरती एक प्रत हातानं शिवून नेता आली असती. हे साधं मला सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पुस्तक घेऊन वॉर्डात गेले. सुजाता हुडकेश्वरला एका शाळेत शिकवते. रजा काढून ती तिथेच होती. तिनं उशी लावून त्यांना बसतं केलं. देवाजींनी मुखपृष्ठावरून हात फिरवला, माझ्याकडे पाहून हसले आणि पुस्तक थेट शेवटाकडून उघडलं. वाचलं. एक पान मागे गेले. पुन्हा पुढे आले. मग अंगठा जिभेला लावून ते पान चोळायला लागले.

"सुजा, पाह्य वं. दोन पानं चिकटली वाटते."

पानं चिकटली नव्हती. मी सांगितलं. फॉर्म, सोळा पानं, दोन दिवस, सगळं सांगितलं. माझाच आवाज मला परका वाटत होता.

त्यांनी अंगठा पानावरून काढला. मग म्हणाले, "पोट्टे कंटाळले असते काय जी?"

"थोडेसे."

"असन. तुमाले जास्त समजते त्यातलं." त्यांनी पुस्तक मिटून छातीवर ठेवलं. "चांगलं झालं पुस्तक. चित्रं तर मस्तच आहेत."

त्यांनी रागावायला हवं होतं. मी तिथून जवळजवळ पळालेच. सुजाता मागून लिफ्टपाशी आली.

"मॅडम, काहून काढलं ते?"

मी पुन्हा फॉर्मचं सांगायला लागले. तिनं मला थांबवलं.

"बाबांचा एक लहान भाऊ होता. गावच्या तळ्यात बुडाला. बाबाच त्याले पोहायले घेऊन गेले होते, नऊ वर्षांचे होते तेव्हा. घरात कधी नाव नाही काढलं त्यांनी. मलेही मागच्या वर्षी कळलं, ते पानं टाइप करताना. अकरा वेळा लिहिलं त्यांनी ते. ते चार पानं लिहाचे होते म्हणून आधीचे तीन पुस्तकं लिहिले."

लिफ्ट आली. मी चढले नाही.

"एक फोन करायचा होता ना जी," ती म्हणाली. "तेव्हा तर चांगले बोलून राहिले होते."

मी रिक्षानं सरळ प्रेसला गेले. इरफानभाईंनी एक शब्द न विचारता मशीन थांबवली आणि त्याच कागदावर ती चार पानं काढून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती घेऊन पोचले, तेव्हा देवाजी कोणालाच ओळखत नव्हते. सुजातानं खुर्ची ओढली आणि त्यांच्या कानाशी ते प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. शाळेत वाचून दाखवतात तसं, सावकाश. त्यांनी डोळे उघडले नाहीत. दुपारी ते गेले.

उरलेल्या प्रतींत आम्ही ती पानं चिकटवली. सुट्टीवरचे बाइंडर परत आले होते. मीही त्यांच्यासोबत बसले. पण काही गठ्ठे आधीच शाळांमध्ये गेले होते, ते परत आले नाहीत. त्या प्रतींत सर्जा भावाला न भेटताच निशाण चढवतो. वाचणाऱ्या मुलांना काही अडत नाही. मी म्हटलं ना, अगदी बेमालूम जुळतं.

मी अजून हेच काम करते. पानं अजूनही कापते; त्याशिवाय पुस्तक होत नाही. फक्त कापायच्या आधी लेखकाला फोन करते. तो आजारी असेल, तर सगळ्यात आधी.