परबांच्या यादीतले तीन डॉक्टर

लालबागच्या एका गल्लीत औषधांची खोकी छापणारा कारखाना आहे. दुनियाभरच्या गोळ्या त्या खोक्यांत जातात, पण खोकी छापणाऱ्याचं बोट मशीनमध्ये सापडलं तर त्यानं कुठल्या डॉक्टरकडे जायचं, ते टाइम-ऑफिसातले जयवंत परब सांगत. "निवड तुमची," ते म्हणत, "मी फक्त यादी दाखवतो."

यादीत तीन नावं होती. पहिले डॉक्टर वारून वीसेक वर्षं झाली होती. दुसरे गिरगावात होते, पण ते फक्त टकलावर केस लावत. राहता राहिले तिसरे, परळ नाक्यावरचे डॉक्टर हर्षवर्धन, म्हणजे मालकांचे सख्खे मेहुणे. वीस वर्षांत झाडून सगळ्या कामगारांनी स्वखुशीनं त्यांचीच निवड केली, याचा परबांना अभिमान होता.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. वडील गिरणीत, गाव कणकवलीकडचं, आणि जयवंत म्हणजे चाळीतला पहिला टेबलाशी बसून काम करणारा. अक्षर असं की लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालायला शेजारणी रांग लावत. दर गुरुवारी चाळीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवत, आणि डबलबारीच्या सामन्यात समोरच्या बुवांना घाम फोडत. त्या उजव्या हाताला घरात कुणी चिंच फोडायलासुद्धा सांगत नसे. अशा माणसाच्या हाती कंपनीनं नियम दिले, आणि तिथेच घोटाळा झाला. नियमाला ते देवाच्या पाटावरच बसवत.

डॉक्टर बदलण्याचीही सोय होती, बरं का. जखमी कामगारानं एकदा अर्ज करावा, टाइम-ऑफिसनं मंजूर केला की यादीबाहेरचा डॉक्टर चालेल, खर्च कंपनीचा. मालकांचा नियम एवढाच होता. 'अर्ज स्वहस्ते आणि निळ्या शाईत असावा' ही पुढची भर परबांची. दुसऱ्यांकडून लिहून आणलेले अर्ज त्यांना खपत नसत. वीस वर्षांत एकही अर्ज त्या चाळणीतून खाली पडला नाही. नामंजूर अर्जांची त्यांनी वेगळी फाइल ठेवली होती, तारीखवार. मालक म्हणत, "परब असताना मला काळजी नाही." हे वाक्य परब घरी आठवड्यातून एकदा तरी सांगत.

जूनमध्ये यादीला नवं प्लॅस्टिकचं आवरण घालून आणलं. ती भिंतीवर सरळ लागली पाहिजे म्हणून परब स्वतः स्टुलावर चढले. यादी सरळ लागली. स्टूल तेवढं कलंडलं, आणि परब उजव्या हातावर आले.

धम्मपाल धावत आला. तो छपाईखात्यातला, अलीकडेच टाइम-ऑफिसात मदतीला घेतलेला. "साहेब, शीवला हाताच्या हाडांचे एक डॉक्टर आहेत, एकदम भारी. रिक्षा… टॅक्सी आणू?"

"यादीत आहेत?" जमिनीवर बसल्या बसल्या परबांनी विचारलं.

डॉक्टर हर्षवर्धन यांनी हात बघण्याआधी कारखान्याचा फॉर्म बघितला. मग मनगट दोनदा हलवलं, परबांनी दोनदा ओठ चावला. "मुरगळलंय. पट्टी बांधा, आठ दिवसांनी कामावर." एक्स-रेचं विचारल्यावर डॉक्टर हसले. "परब, तुम्हीच असं बोलायला लागल्यावर इतरांनी काय करायचं?"

पाचव्या दिवशी अंगठा आणि करंगळी एकमेकांना भेटेनात. भाकरीचा तुकडा मोडेना. मुलगी अक्षदा बँकेत आहे, तिला हे बघवलं नाही. तिनं बापाला उचललं आणि धम्मपालनं सांगितलेल्या शीवच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे एक्स-रे निघाला. मनगटातलं एक लहानसं हाड सरळ दोन तुकडे झालेलं. चार दिवसांत ऑपरेशन करून स्क्रू घातला तर हात परत येईल, नाहीतर पकड गेली ती गेलीच, असं त्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं.

"पखवाज?" परबांनी विचारलं.

"आधी ऑपरेशन," डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशनचा आकडा घरच्यांच्या आवाक्यातला नव्हता. आता एकच वाट होती, अर्ज.

"अगो, पण तो निळ्या शाईत होयो," घरी परब पुटपुटले, "आणि माझ्याच हातान. माझो हात तर असो."

"बाबा, हो नियम कोणी केल्यानी?"

आपलेच दात आपलेच ओठ, सांगणार कुणाला? अक्षदानं कागद दाबून धरला आणि त्यांनी डाव्या हातानं लिहायला घेतलं. चार ओळींना दीड तास लागला. अक्षरं डोंगर चढावीत तशी वर वर गेली. ज्या माणसानं आयुष्यात एक वेलांटी वाकडी काढली नव्हती, त्याला स्वतःचंच नाव लिहिताना रडू आलं.

दुसऱ्या दिवशी ते कारखान्यात गेले. त्यांच्या खुर्चीवर बदली म्हणून धम्मपाल बसला होता. तो चटकन उठला, मग परबांनीच त्याला बसायला लावलं. अर्ज पुढे सरकवला आणि सवयीनं स्वतःच्याच चुका दाखवायला लागले. "तारीख उजवीकडे हवी होती. शाई निळी आहे, पण सही जुळत नाही. अक्षर माझं वाटत नाही. कायदेशीर बघायला गेलं तर…"

धम्मपालनं अर्ज सावकाश वाचला. "स्वहस्ते म्हटलंय ना साहेब? मग डावा हात काय शेजाऱ्याचा आहे?" त्यानं 'मंजूर'चा शिक्का उचलला आणि कागदावर दाबला. दाबताना त्याचं मधलं बोट इतर बोटांबरोबर मुठीत गेलं नाही. ते सरळ ताठ बाहेर राहिलं.

इतकी वर्षं रोज हजेरीला समोर येणारं ते बोट परबांना आज पहिल्यांदा दिसलं.

"दुखतं का रे ते?"

"दुखत नाय. वळत नाय."

"हर्षवर्धन डॉक्टरांनी बघितलं होतं ना?"

"बघितलं. म्हणाले, मुका मार."

"मग तू अर्ज करायचास," परब म्हणाले. त्यांना खरोखरच कळवळा आला होता. "एकदा संधी असते रे. का नाही केलास?"

धम्मपाल खाली वाकला. त्यानं खालचा खण ओढला, जाडजूड फाइल काढली आणि पानं मागे टाकत गेला. एका कागदावर थांबला, फाइल फिरवून परबांच्या पुढे ठेवली आणि मंजूर अर्ज घेऊन सहीसाठी वर मालकांकडे निघून गेला.

धम्मपालचा अर्ज होता, अकरा वर्षांपूर्वीचा. शीवच्या त्याच डॉक्टरांचं नाव. खाली लाल शाईत शेरा होता, 'काळी शाई वापरली आहे. नामंजूर.'

परबांनी तो दोनदा वाचला. त्यांना हा कागद आठवत नव्हता. पण शेऱ्याचं अक्षर लगेच ओळखलं. फार सुरेख होतं.