तिसऱ्या मजल्याचा निरोप

वॉर्सातल्या आमच्या इमारतीत, लिफ्टमधून उतरताना आत उरलेल्या माणसाचा निरोप घ्यायची पद्धत आहे, मग तो अनोळखी का असेना. आठ महिने पोलिशच्या क्लासला जातोय, पण न अडखळता येतं ते एवढंच, ‘दो विद्झेन्या’. तिसऱ्या मजल्यावरच्या आजीबाई उतरताना रोज म्हणतात, मीही म्हणतो.

काल दुपारी साताऱ्याहून भावाचा फोन आला. आई गेली. मी तसाच खाली गेलो, बटाटे घेतले आणि परत आलो. लिफ्टमध्ये आजीबाईंनी माझ्याकडे बघत काहीतरी लांबलचक विचारलं. मला काहीच कळलं नाही. ‘आई’ला पोलिशमध्ये काय म्हणतात ते येत होतं, पुढचं येत नव्हतं. म्हणून क्लासमध्ये घोकलेलं उत्तर दिलं, “मी मजेत आहे, आभारी आहे.”

परकी भाषा शिकताना आपण सुखाचीच उत्तरं आधी पाठ करतो. बाकीची लागतील असं वाटतच नाही.

तिसरा मजला आला, दार उघडलं. आजीबाई उतरल्या नाहीत. माझ्या सातव्या मजल्यापर्यंत माझ्याशेजारी उभ्या राहिल्या.

या वेळी आधी उतरणारा मी होतो. न अडखळता येणारा निरोपाचा तो एकच शब्द, तोही तोंडातून फुटेना.