पर्पेत्यूने शिव्या बंद केल्या

पर्पेत्यू पारे राजधानीहून आमच्या गावी परत आली ती मोपेडच्या मागे एक सायक्लोस्टाईल यंत्र बांधून. यंत्र मिशनच्या शाळेने टाकून दिलेलं, आणि नोकरी पर्पेत्यूने टाकून दिलेली. वागाडुगूच्या एका साप्ताहिकात तिचं सदर होतं. ती लिहायची झणझणीत, छापून यायची आजाऱ्याची पेज. संपादक म्हणायचे, "बाई, मत राहू द्या, फक्त नाव काढा." शेवटी एक दिवस ती भडकली. "नाव काढता, गाव काढता, काय केलं तेही काढता. मग उरतं काय? माझी सही? ती पण तुम्हीच करा!" आणि तरातरा निघून आली.

इसा मेकॅनिकच्या गॅरेजमागची खोली तिने घेतली आणि स्वतःचं पत्र काढलं. नाव 'किपारे', म्हणजे आमच्या मोरे बोलीत मिरची. मालक तीच, संपादक तीच, यंत्राचा दांडा फिरवणारीही तीच. पत्र फ्रेंचमध्ये निघायचं आणि गावात फ्रेंच वाचणारे थोडे, म्हणून बाजारात कुणीतरी एक वाचायचा आणि मोरेत सांगायचा. ऐकणारे त्यात आपलं घालायचे. संध्याकाळपर्यंत पर्पेत्यूचा अग्रलेख दुप्पट झालेला असायचा, आणि खरं सांगायचं तर कधीकधी जास्त चांगलाही.

पण एक गोम होती. पर्पेत्यू सामो जमातीची, आणि नगराध्यक्ष नुफू सावादोगो मोसी. सामो आणि मोसी यांच्यात वाडवडिलांपासून मस्करीचं नातं. एकमेकांना वाट्टेल ते बोलायचं, गुलाम म्हणायचं, आणि ज्याला राग आला तो माणसातच नाही.

बाजारात दिसली की नुफू लांबूनच ओरडायचा, "काय गं कुत्रेखाऊ, आज कुणाचं डोकं शिजवलंस?"

"तुझंच शिजवणार होते रे गाढवा," ती म्हणायची, "पण आत काही निघालं तर पाहिजे ना!"

आणि दोघंही पोट धरून हसायचे. असा हा मामला.

मग नुफूने एक उद्योग केला. प्रसूतिगृहाच्या मागे मोठं आवार आहे, त्यात एक जुना कडुनिंब. बाळंतिणींच्या आया, सासवा तिथेच चूल मांडतात, तिथेच झोपतात. आत खाटा आहेत, जेवण नाही. बाळंतिणीच्या तोंडात घास पडतो तो त्या झाडाखालून. ते आवार नुफूने एका पेट्रोलपंपवाल्याला देऊन टाकलं.

पर्पेत्यू पेटून उठली. तिने लिहिलं, 'आमचा गुलाम नुफू याला कडुनिंब कडू लागतो, कारण गाढवाला चव ती काय कळणार!' आणि पुढे सगळं प्रकरण, नावागावासकट. गाव हसून हसून लोळलं. नुफू तर सगळ्यांत जास्त हसला. त्याने अंकांचा गठ्ठाच विकत घेतला आणि आपल्या दारात उभं राहून मोठ्याने वाचून दाखवला. "बघा, बघा, काय लिहिते माझी गुलाम!" दुसरा अंक त्याने कचेरीच्या भिंतीवर डकवला. तिसऱ्या अंकापर्यंत आवारात पंपाच्या विटा येऊन पडल्या.

पर्पेत्यूने कपाळावर हात मारून घेतला. "वागाडुगूचा संपादक निदान मला घाबरायचा तरी. हा तर टाळ्या वाजवतो! इसा, मी लिहिते की तमाशा करते?"

इसा एका चाकाची तार ओढत होता. तो मान वर न करता म्हणाला, "ताई, मी पण हसलो. पण माझी बायको भरल्या दिवसांची आहे. तिची आई येईल ती भाकर-कालवण कुठे करणार, पंपाच्या नळीखाली?"

त्यानंतर पर्पेत्यू बराच वेळ कोऱ्या कागदासमोर बसून राहिली. तिला एक उपाय सुचला होता, पण तो करवत नव्हता. तिचा बाप वारला तेव्हा हाच नुफू खोदलेल्या खड्ड्यात उडी मारून आडवा पडला होता. "माझा गुलाम मला न विचारता चालला कुठे? आधी माझी ज्वारीची दारू द्या, मग जागा देतो!" सामोच्या मयताला मोसीने हे करायचंच असतं, पण इतकं मनापासून कुणी करत नाही. रडून रडून डोळे सुजलेली पर्पेत्यू त्या दिवशी हसली होती. ती गोष्ट ती विसरली नव्हती, विसरणारही नव्हती. तिने डोळे पुसले आणि लिहायला घेतलं.

छपाईचा कागद वाचून इसाच्या हातातला पाना खाली पडला. "ताई, यात एकही शिवी नाही!"

"नाही."

"'माननीय नगराध्यक्ष', 'आपल्या सेवेशी', 'आम्ही आपला आदर करतो'... हे छापू नको गं. वाटलं तर त्याचं डोकं फोड, पण असलं काही करू नको!"

"छापणार," ती म्हणाली आणि दांडा फिरवायला लागली.

बाजारात अंक वाचला गेला तेव्हा मजाच झाली. लोक हसायला तोंड उघडून बसले होते, ती तोंडं तशीच राहिली. माननीय नगराध्यक्षांनी आवार दिलं, कुणाला दिलं, आता बाळंतिणींची चूल कुठे पेटवावी हे त्यांनीच कृपा करून सांगावं. एवढंच.

घुगऱ्या विकणारी म्हातारी म्हणाली, "पुढे वाच की."

"संपलं, आजी."

"अरे, मग गाढव कुठाय?"

"गाढव नाही, आजी. साहेब म्हटलंय."

म्हातारीने डाव खाली ठेवला. "अगं बाई! मग हे खरंच आहे म्हणायचं."

अंक तीन झाले होते, पण गावाने ती बातमी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. दुपारी बायका आवारात जाऊन विटांवर बसल्या. त्या उठेनात. पंपवाला नुफूकडे बघतो, नुफू आभाळाकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नुफू गॅरेजमध्ये आला. गाडी नाही, बरोबर माणसं नाहीत, पायी. पर्पेत्यूने उठून त्याला स्टूल दिलं, पाणी दिलं. "बसा, नगराध्यक्षसाहेब. प्रवास सुखाचा झाला?"

"प्रवास कसला, इथल्या इथे राहतो मी! हे बंद कर बाई. कुत्रेखाऊ, ए कुत्रेखाऊ, मला शिवी दे."

"आपल्याला शिवी कशी देणार, साहेब?"

नुफूचा चेहरा एवढासा झाला. "माझ्या आईने काल जेवणाचं ताट सरकवलं. म्हणते, 'सामोची पोर तुला साहेब म्हणते? नुफ्या, तू केलंस तरी काय असं?' ऐंशीची म्हातारी माझ्याशी बोलत नाही. कचेरीतला शिपाई माझ्याकडे चोरासारखा बघतो!"

"आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगा."

मग मात्र नुफूला राहवलं नाही. "पर्पेत्यू, तुझ्या बापाच्या खड्ड्यात मी उतरलो होतो. मी मेल्यावर माझ्या खड्ड्यात कोण उतरणार? तू साहेब साहेब करत लांब उभी राहिलीस, तर मी कोरड्या मयतासारखा जाईन. लोक म्हणतील, याला कुणी आपलं म्हणणारं नव्हतं."

पर्पेत्यूच्या अगदी ओठावर शिवी आली होती. तिने ती गिळली. "आधी विटा हलू देत, साहेब," ती म्हणाली, आणि आत जाऊन ढसाढसा रडली.

विटा हलल्या. पंपवाल्याला गावाबाहेर हमरस्त्यावर जागा मिळाली. तिथे तो आता जास्त कमावतो, आणि वर गावाला नावं ठेवतो. इसाच्या बायकोला मुलगी झाली. तिच्या आजीने कडुनिंबाखाली असा काही रस्सा केला, की आतली सुईणसुद्धा वाडगा घेऊन बाहेर आली.

पुढच्या अंकाची नुफू बाजारात उभा राहून वाट बघत होता. अंक हातात पडताच त्याने तो वाचणाऱ्याकडे न देता स्वतःच वाचला, घोगऱ्या आवाजात, भर बाजारात:

'अरे गाढवा, तुझ्या खड्ड्यात मीच आडवी पडणार आहे, आणि दारूचं मडकं मिळाल्याशिवाय उठणार नाही. तोवर त्या झाडाला हात लावलास, तर पुन्हा साहेब म्हणेन.'

"गाढव म्हणाली!" नुफू म्हातारीला अंक दाखवत ओरडला. "आजी, ऐकलंस? गाढव म्हणाली मला!" हसता हसता तो बाहीने डोळे पुसत होता.