गप्प बसणारा तोतया

सगळ्या टेस्टपुढे ओके आलं आणि मी कौतुकाने आप्पांना हाक मारली.

सोमवारी बेळगावच्या एका हॉस्पिटलात डेमो होता आणि मी ऑफिसचा लॅपटॉप घेऊन घाटातल्या कॅसलरॉकला, वडिलांच्या म्हणजे आप्पांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये बसले होते. नव्वदच्या दशकाची अखेर. पेशंटला रक्त लागलं की आमचा प्रोग्रॅम ब्लड बँकेच्या वेब सर्व्हरला विचारणार, या गटाची बाटली आहे का? तो सांगेल ते स्क्रीनवर दिसणार. क्वार्टरला फोनच नव्हता, मग इंटरनेट कुठलं! म्हणून मी एक तोतया सर्व्हर लिहिला होता. त्याच लॅपटॉपवर चालणारा छोटा प्रोग्रॅम; खऱ्याच्या जागी बसून ठरलेली उत्तरं द्यायची, एवढंच त्याचं काम. एक कमांड दिली की प्रोग्रॅम तपासणाऱ्या सगळ्या टेस्ट आपोआप चालायच्या.

आप्पा तिथे असिस्टंट स्टेशन मास्तर. ड्युटीवरून येऊन चहा घेता घेता त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुझा तोतया कवा गप बी ऱ्हातोय का?"

मी म्हटलं, गप्प कशाला राहील?

मग त्यांनी सांगितलं. घाटात गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनाला विचारतात, लाइन मोकळी आहे का. नव्या माणसाला शिकवताना आप्पा आतल्या खोलीत बसून पुढचं स्टेशन व्हायचे आणि एकदा तरी मुद्दाम उत्तर द्यायचे नाहीत. तो घायकुतीला येऊन सिग्नल द्यायला निघाला, की बाहेर येऊन त्याचा हात धरायचे.

"उत्तर न्हाई आलं तर न्हाईच समजायचं, बाय," ते म्हणाले. "गाडीत माणसं असत्यात."

मला जरा रागच आला. आता हे मला कॉम्प्युटर शिकवणार! तरी तोतयाला गप्प केलं. प्रोग्रॅमने अर्धं मिनिट वाट पाहिली आणि स्क्रीनवर आलं, 'रक्त उपलब्ध आहे.' आधीच्या पेशंटचं उत्तर पुसायला मी विसरले होते. कुणाचं तरी माणूस आत टेबलावर, आणि बाहेरचे त्या ओळीवर विसंबून बसले असते. आप्पांनी माझा गार झालेला चहा उचलला आणि तापवून आणला.

सोमवारी ऐन डेमोत इंटरनेटची लाइन तुटली. स्क्रीनवर आलं, 'उत्तर आलं नाही. फोन करून विचारा.' आमच्या सरांचं तोंड उतरलं. हॉस्पिटलच्या डॉक्टर मॅडम मात्र म्हणाल्या, "मला हेच हवं होतं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणणारं."

तेव्हापासून मी तोतयाला आधी गप्प बसायला शिकवते, मग बोलायला.

पुढच्या खेपेला घरी जाऊन आप्पांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ खिडकीबाहेर रुळांकडे बघत राहिले, एक शब्द नाही. त्यांच्या त्या गप्प बसण्याला मात्र मी होच समजले.