राणीचे आबा

हायवेवरच्या हॉटेलचा मालक कुजबुजतो, असं मी दुसरीकडे कुठेही पाहिलं नाही. बाकीच्या हॉटेलांत गाडी थांबायच्या आतच "या या या, गरम भजी!" असा पुकारा व्हायचा. आबा मात्र गिऱ्हाइकाच्या कानाशी येऊन, एखादी खासगी गोष्ट सांगावी तसे विचारायचे, "किती चहा?" आतल्या आचाऱ्यालाही ते बोटं दाखवून ऑर्डर द्यायचे. भांडणसुद्धा कुजबुजतच. कारण विचारलं की हॉटेलच्या बाजूला मांडलेल्या पिंजऱ्याकडे मान वळवून म्हणायचे, "ससे घाबरतात."

माझं सासर जळगावला पिंप्राळ्यात आणि माहेर धुळ्याला. वर्षातून चार-सहा वेळा तरी त्या रस्त्याने जाणं-येणं व्हायचं. पारोळ्याच्या थोडं अलीकडे आबांचं हॉटेल होतं आणि एस.टी. तिथे चहाला थांबायची. हॉटेलला नाव होतं, पण ते कुणाच्या लक्षात नसे. सगळे 'माकडाचं हॉटेल' म्हणत. सशांचा पिंजरा, पोपटांचा पिंजरा, आणि दाराशी लिंबाच्या बुंध्याला साखळीने बांधलेली राणी नावाची लाल तोंडाची माकडीण. आता माझी मुलगी पुण्याला असते. परवा ती मला हौसेने मांजरांच्या कॅफेत घेऊन गेली. कॉफी प्यायची आणि मांजरं कुरवाळायची. "आई, किती नवीन कल्पना आहे ना?" ती म्हणाली. मी म्हटलं, "तू चार वर्षांची असताना अशाच ठिकाणी शेव खाल्ली आहेस." तिला काही आठवत नव्हतं. मला मात्र सगळं आठवलं.

आबा उंच, काटकुळे, पांढरं धोतर आणि डोक्याला टोपी. आमच्याशी ते शहरी मराठीत बोलत. जीव कळवळला की मात्र अहिराणीत शिरत, आणि मग त्यांना मागे आणणं कठीण. राणी त्यांना एका मदाऱ्याकडून मिळाली होती. मदारी तिला काठीने मारत होता, ते आबांना बघवलं नाही. त्यांनी तिला त्याच्याकडून घेतलं आणि हॉटेलात आणलं. तिच्यासाठी घुंगरांचा कमरपट्टा केला, लाल परकर शिवला. रावेरकडून केळीचे ट्रक यायचे, त्यांचे ड्रायव्हर तिच्यासाठी फणी काढून ठेवत. दुपारी आबा तिच्या शेजारी मांडी घालून एकाच ताटात जेवायचे. अक्का, म्हणजे आबांची बायको, कपाळाला हात लावून म्हणायची, "माझ्यासोबत हे लग्नातच काय ते एका ताटात जेवले."

आबांचं त्या प्राण्यांवर प्रेम नव्हतं असं म्हणण्याची कुणाची छाती झाली नसती. पोपटाला एकदा जुलाब झाले, तर हा माणूस दिवसभर हॉटेल सोडून त्याच्या पिंजऱ्यापाशी बसून राहिला. पण त्याच हॉटेलात दिवसभर टेपरेकॉर्डर मोठ्याने वाजत असे, ट्रकचे हॉर्न वाजत, माणसं सशांचे कान धरून उचलत, राणीला बिस्किटं, भजी, काय हाताला येईल ते देत. स्वतःचा आवाज तेवढा आबांनी खाली आणला होता. बाकीचा गोंगाट त्यांना ऐकूच येत नसावा.

माझे मोठे भाऊ गुरांचे डॉक्टर होते, शिंदखेड्याच्या सरकारी दवाखान्यात. आम्ही त्यांना दादा म्हणतो. एकदा मला माहेरी न्यायला ते स्वतः जळगावला आले होते, म्हणून परतताना हॉटेलवर माझ्यासोबत उतरले. राणी नेहमीप्रमाणे डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे झुलत होती आणि घुंगरं वाजत होती. आबा कौतुकाने कुजबुजले, "गाणं लागलं की नाचते. बघा ना, कसा ताल धरते."

दादा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आबा, टेप बंद करा जरा."

आबांनी टेप बंद केला. राणी तशीच झुलत राहिली.

"ही नाचत नाहीये, आबा. बांधून बांधून तिचं डोकं फिरत चाललंय." दादा पुढे झाले. त्यांनी परकर जरासा वर केला. पट्ट्याखाली कातडी सोलवटून लाल झाली होती.

"त्याला मी रोज हळद लावतो," आबा म्हणाले.

"हळद लावता. पट्टा का काढत नाही?"

आबांचा चेहरा बदलला. "डॉक्टर, ती माझ्या ताटात जेवते. मदाऱ्याकडे असती तर आतापर्यंत मेली असती. तुम्ही गायी-म्हशी बघा." आणि आचाऱ्याकडे वळून त्यांनी बोटानेच खूण केली, यांचा चहा नको.

दादांना वाईट वाटलं ते चहाचं नव्हे. बसमध्ये ते म्हणाले, "वाईट माणूस असता तर सरळ तक्रार केली असती. ह्याला कसं समजावायचं?" त्यानंतर मी जेव्हा-जेव्हा थांबले तेव्हा आबा माझ्याशी नीट बोलले, मुलीच्या हातावर शेव ठेवली, पण दादांचा विषय काढला नाही. राणीचा परकर मात्र आता जरा लांब शिवलेला दिसायचा.

पुढच्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, मी मुलीला घेऊन धुळ्याला चालले होते. आमची बस थांबली तेव्हा हॉटेलवर आधीच एक वऱ्हाड उतरलेलं होतं. टेम्पोभर माणसं, नवे कपडे, गळ्यात रुमाल. राणीभोवती कडं करून सगळे उभे. त्यातल्या एका फेटेवाल्याने आपला चहाचा ग्लास तिच्यापुढे धरला. "पी, पी, विहीणबाई!" सगळे हसले. राणीने माणसासारखे दोन्ही हातांनी ग्लास घेतला आणि तोंडाला लावला. चहा उकळता होता.

ती जी किंचाळली, तो आवाज मी विसरू शकत नाही. ग्लास फुटला. माझी मुलगी रडायला लागली. वऱ्हाड मात्र पोट धरून हसत होतं. आबा आतून धावत आले, गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी गेले आणि त्यांनी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला.

राणी साखळी ताणली जाईल तितकी मागे सरकली. जमिनीला चिकटून बसली आणि दोन्ही हातांनी तिने डोकं झाकून घेतलं, मार चुकवायला झाकतात तसं.

आबांचा हात हवेत तसाच राहिला. त्यांनी तिला कधी मारलं नव्हतं, हे तिथे अक्काला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आचाऱ्याला ठाऊक होतं. राणीला काय ठाऊक होतं ते त्या क्षणी सगळ्यांना दिसलं. तिच्यालेखी हात तो हातच.

मग आबा उभे राहिले आणि ओरडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज मी ऐकला. केवढा मोठा होता! "उठा! बठ्ठा जन उठा! हॉटेल बंद शे!"

"अहो, पण आमची मिसळ..." फेटेवाला म्हणाला.

"बंद शे म्हनं ना!"

वऱ्हाड बडबडत टेम्पोत चढलं. आमच्या बसचा कंडक्टरही मुकाट्याने घंटी मारायला निघाला. मी मुलीला कडेवर घेऊन चढणार, तोच आबा मागून आले. डोळे लाल झाले होते. "ताई, तुमना भाऊ अजून शिंदखेडाले शे का?"

"आहे ना."

"त्याले सांगा, आबानं बलावेल शे. आजच्या आज."

दादा दुसऱ्या दिवशी सकाळीच फटफटीवरून पोचले. दोघांत काय बोलणं झालं, ते दादांनी कधी सविस्तर सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, की पट्टा कापताना आबांनी स्वतः राणीला धरलं आणि ती त्यांच्या मनगटाला कडाडून चावली, तरी त्यांनी हात सोडला नाही.

हॉटेलमागे आबांचं शेत होतं. तिथल्या लिंबाभोवती त्यांनी जाळी लावून खोलीएवढा पिंजरा करून घेतला. राणी त्यात मोकळी राहू लागली. ससे अक्काने परसात नेले. तिथे त्यांनी भिंतीच्या कडेला बिळं खणली आणि गिऱ्हाइकांना दिसेनासे झाले. पोपटांच्या पिंजऱ्याचं दार उघडं ठेवलं. पंख नीट वाढल्यावर एकेक करून ते गेले. फक्त एक पोपट बरेच दिवस मिरच्या खायला परत यायचा आणि अक्काला शिव्या देऊन जायचा. त्या शिव्या त्याला ट्रकवाल्यांनी शिकवल्या होत्या.

हॉटेल ओस पडलं. एस.टी. थांबायची, पण टेम्पो आणि जीपवाले "माकड कुठाय?" विचारून पुढे निघून जायचे. अक्का कधी म्हणायची, "एक पोपट तरी ठेवायचा होता."  आबांचं सगळं लक्ष मागच्या जाळीकडे. आणि तिथेच त्यांची खरी परीक्षा होती. दादांनी बजावलं होतं, तिला रानात सोडायचं असेल तर तुमची सवय मोडली पाहिजे. हात लावायचा नाही. नावाने हाक मारायची नाही. ताट घेऊन शेजारी बसायचं नाही. आबा दुरून जाळीत खाणं टाकायचे आणि पाठ फिरवून निघून यायचे. "जाळीला हात लावून बसते, ताई," ते मला एकदा म्हणाले. "मी बघत नाही. बघितलं की संपलं."

वनखात्यात दादांच्या ओळखीचे एक अधिकारी होते. पावसाळा सरल्यावर त्यांच्या मदतीने राणीला सातपुड्याच्या पायथ्याशी नेलं. तिथे लाल तोंडाच्या माकडांचा एक कळप असायचा. झाडाखाली पिंजरा ठेवला आणि आबा जवळच्या चौकीत मुक्कामाला राहिले. कळप आधी दात विचकून गेला, मग रोज येऊ लागला. एक म्हातारी माकडीण तर पिंजऱ्याला टेकून बसायची. अखेर एके सकाळी दार उघडलं. राणी बाहेर आलीच नाही. दिवसभर दारात बसून राहिली. दुसऱ्या दिवशी गेली आणि दुपारी परत आली ती रक्तबंबाळ. एक कान अर्धा फाटलेला. कळपातल्या कुणीतरी तिला धरून फाडलं होतं.

दादांनी येऊन जखम धुतली. त्यांनाही धीर राहिला नव्हता. ते म्हणाले, "आबा, तुम्ही म्हणत असाल तर परत नेऊ या. शेतात मोठी जाळी आहे, तिथे सुखात राहील."

आबांनी तिच्या कानाकडे पाहिलं. मग म्हणाले, "नको, डॉक्टर. मार खाल्ला तर आपल्या लोकांत खाल्ला. राहू द्या."

कान सुकला. राणी पुन्हा गेली, आणि त्या खेपेला परत आली नाही. मेली की जगली, काही कळेना. आबा पारोळ्याला परतले. मी संक्रांतीला थांबले तेव्हा ते गल्ल्यावर बसून होते, गालफडं बसलेली. 

आता तो रस्ता रुंद झाला. हॉटेल त्यात गेलं, लिंबही गेला. आबांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. शेवटपर्यंत त्यांनी नुसतं चहा-भज्यांचं हॉटेल चालवलं आणि ते बऱ्यापैकी चाललंही. अक्काच्या हातची शेवभाजी खायला लोक मुद्दाम थांबू लागले होते. पण आबा म्हटलं की मला एकच दिवस आठवतो. त्याच्या पुढच्या हिवाळ्याच्या सुरुवातीचा.

वनखात्याच्या अधिकाऱ्यांनी दादांना निरोप पाठवला होता, की फाटक्या कानाची एक माकडीण कळपात दिसते आहे, येऊन बघा. आम्ही जीप करून गेलो. दादा, मी, अक्का आणि आबा. आबांनी सोबत केळी घेतली नव्हती. चौकीपासून थोडं चालल्यावर ओढ्याकाठी कळप बसलेला दिसला, सकाळचं ऊन खात. आम्ही सागाच्या झाडांमागे थांबलो.

"ती," दादा हळूच म्हणाले.

फाटका कान. कमरेभोवती केस न उगवलेला पट्टा. एक माकडीण तिच्या पाठीतल्या उवा काढत होती आणि राणीच्या पोटाला मुठीएवढं पिल्लू चिकटलं होतं. राणीने मान वर केली. आबांकडे सरळ पाहिलं. आबा श्वास रोखून उभे होते, मला त्यांच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. ती बघत राहिली. मग तिने मान वळवली, काख खाजवली, आणि कळप उठला तशी पिल्लाला पोटाशी धरून त्यांच्यासोबत टेकडी चढून गेली. एकदाही मागे न बघता.

अक्काने पदर डोळ्यांना लावला. "वळखं नही तिनी तुमले."

"नही वळखं!" आबा म्हणाले. ते खाली मातीत बसले होते आणि त्यांचा सगळा चेहरा हसत होता. "देखं ना तू? नही वळखं. बरं झायं. लई बरं झायं!"

परतताना वाटेत विहिरीपाशी जीप थांबवून आम्ही शिदोरी सोडली. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा. आबांनी एक भाकरी खाल्ली, दुसरी खाल्ली, मग कांदा फोडून तिसरी घेतली. अक्का माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ती गेल्यापासून अर्ध्या भाकरीवर उठत होता हा माणूस." आणि तिने आपल्या हातातली भाकरी मोडून निम्मी त्यांच्या पानात टाकली. आबांनी तीही खाल्ली.